पडद्याची ओली बाजू

कापसाचा हंगाम संपला की आमच्या जिनिंग कारखान्याचं आवार रिकामं पडायचं. यवतमाळच्या कॉलेजात नव्यानं आलेल्या एका प्राध्यापकांनी ते एका संध्याकाळसाठी वडिलांकडे मागितलं, आणि मदतीला मला. आधी आवार सुचलं की आधी मी, याचा मी दोन दिवस विचार केला. मला वाटतं, आवारच.

ते पुण्याकडचे होते. मुंबईच्या कुठल्याशा फिल्म क्लबातून त्यांनी तीन छोट्या प्रायोगिक फिल्म मिळवल्या होत्या. त्यांत गोष्ट नव्हती, गाणी नव्हती. "इथल्या लोकांनी हेही पाहायला हवं," असं ते म्हणाले. नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले असले तरी मीही इथलीच होते, त्यामुळे तो 'इथल्या' मला खुपला.

वडिलांना वेगळंच खुपलं. "फुकट दाखवणार, अन् गोष्ट बी नाही. मंग आत हाय काय?" प्राध्यापक गेल्यावर वडील मला म्हणाले, "कर मदत. आत्या संग बसन. पण गावात वाकडंतिकडं काही आलं कानावर, तं जूनमधी नागपूर नाही."

एम.ए.साठी नागपूरला जायला त्यांचा होकार नुकताच मिळाला होता. तो किती पातळ आहे ते मला तेव्हा कळलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन ती आमच्या घरी परत आली आणि इथेच राहिली. घरातलं जे काही वडिलांना कळायचं, ते तिच्याकडून.

आवारात सरकारी गाडीचा सिनेमा यायचा तेव्हा पुरुष पडद्यासमोर बसत आणि बाया पडद्यामागे. मांजरपाटाचे दोन पन्हे जोडून पडदा शिवलेला असे. मागून चित्र दिसावं म्हणून तो पाण्यानं भिजवावा लागे. सुकला की चित्र पुसट होई. प्राध्यापकांना हे ठाऊक नव्हतं. "अहो, त्यांना सगळं उलटं दिसेल," ते जिनिंगच्या मुकादमाला म्हणाले.

"बायाईले काय फरक पडते, सर," मुकादम म्हणाला आणि दोरी ताणत राहिला.

पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी पडदा बांधताना प्राध्यापकांनी मला फिल्म समजावल्या, इंग्रजीत. शेवटच्या फिल्मचं ऐकून माझा हात बादलीवरच थांबला. आत्या सावलीत बसून आमच्या तोंडांकडे बघत होती.

"काय म्हणे तो?"

"पडद्याचं सांगत होते."

"पडद्याचं एवढं?"

मी बादली उचलून नळाकडे गेले.

अंधार पडता पडता बाया आल्या, पोराबाळांसकट, पण पडद्यामागे बसल्या त्या फाटकाच्या अंगानं. सरकारी गाडी फुकट सिनेमा दाखवून शेवटी कुटुंबनियोजनासाठी काहीतरी मागायचीच. मुकादमाच्या बायकोनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "दवाखान्याची बाई दिसली का उठाचं. लूपचंच असन पाहा हे."

पहिल्या फिल्ममध्ये पांढऱ्या रेघा नुसत्या थरथरत होत्या.

"मशीन बिघडली काय वो?"

"नाही, ते तसंच आहे," मी म्हणाले.

"तसंच हाय तं दाखवून कायले राह्यले?"

मी लोट्यानं पाणी मारलं. दुसरी फिल्म एका नळाची होती, थेंब लांबायचा आणि पडायचा. त्यातही दवाखान्याची बाई निघाली नाही, तेव्हा बायांचा संशय वाढला. दोघीतिघी पडद्याच्या कडेनं डोकावून आल्या, पुरुषांच्या बाजूला काही वेगळं दाखवतात का ते पाहायला. नव्हतं.

तिसरी सुरू झाली. एक खोली, एक खुर्ची. खुर्चीत पाठमोरी बाई. बाहेर कोणी पुरुष खोकतो, ती उठून जाते, परत येऊन बसते. पुन्हा खोकला, पुन्हा उठणं. आत्या थोडी पुढे सरकली.

मला पुढचं ठाऊक होतं, आणि वडिलांची अटही. मी पडद्याकडे पाहिलं. गरम वारं सुटलं होतं आणि कापड वरच्या कडेपासून सुकत येत होतं. बाईचं डोकं पुसट झालं, मग खांदे. लोटा माझ्या हातात होता. भरलेला.

"दिसून नाही राह्यलं. पाणी मार नं, पोरी."

"काहून थांबली ते?"

"मी म्हनलं नव्हतं? लपवून राह्यली काहीतरी. कॉन्व्हेंटवाली हाय."

मी हलले नाही. कापड खुर्चीपर्यंत सुकलं. तेवढ्यात आत्या उठली, माझ्या हातातला लोटा घेतला आणि पडद्यावर फेकला, मग दुसरा, मग तिसरा. चित्र एकदम उजळलं. खोकला आला. बाई उठली. या वेळी फक्त तिचे पाय दिसले. त्यांनी खुर्चीखालच्या चपला घातल्या आणि दुसऱ्या दारानं ते बाहेर पडले. खोकला येत राहिला. खुर्ची रिकामी राहिली, बराच वेळ.

"गेली वाटते," कोणीतरी हळूच म्हणालं.

आत्या लोटा घेऊन तशीच उभी होती. तिचं लुगडं पुढून भिजलं होतं.

आम्ही घरी आलो. वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी मला विचारलंच नाही, तिला विचारलं. "काय होतं?"

आत्यानं पायांवर पाणी घेतलं. "एक खुर्ची होती. रिकामी. पाणी मारू मारू हात दुखून आले."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, जशी एरवीही घालत असे. पुरुषांना त्यात काही गोष्ट दिसलीच नसावी. बायांना खरंच काही कळलं नाही की त्याही गप्प राहिल्या, कोण जाणे. गावातून काही आलं नाही.

जूनमध्ये एस.टी. स्टँडवर आत्या एकटीच सोडायला आली. डबा खिडकीतून आत दिला आणि गज धरून उभी राहिली.

"ते बाई मंग गेली कुठं? तुह्या सरनं सांगतलं का?"

"नाही."

"तू इचारलं नाही?"

"नाही."

कंडक्टरनं घंटी मारली. तिनं गज सोडला.

"मी इचारलं असतं," ती म्हणाली.