खिडकीत उजेड नसलेली घरं

काशीराम पेंटरांच्या भुताच्या सिनेमाच्या बॅनरवर मागे एक घर हमखास असायचं. कौलारू, टेकाडावर, एकटं. शाळेत जाताना थिएटरच्या कोपऱ्यावरून मी मैत्रिणीचा हात घट्ट धरून डोळे मिटून चालायचे, तरी पापण्यांच्या फटीतून ते दिसायचंच. हिरवट चेहरा, मोकळे केस आणि मागे ते काळंकुट्ट घर. त्या घराच्या एकाही खिडकीत उजेड नसायचा. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. महाडात दुसऱ्या कुणाच्या आलं होतं का, कोण जाणे. चाळीस वर्षांनी, गेल्या महिन्यात, ते मला त्यांच्याच तोंडून कळलं, आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यांच्याकडे मी गेले ती माझ्या मुलीसाठी. स्नेहल पुण्याला उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षअखेरीला दहा पोस्टर्स द्यायची असतात. तिने विषय घेतला भयपटांच्या पोस्टर्सचा. पहिली चार सरांना दाखवली. सर म्हणाले, "हात सफाईदार आहे, पण ही सगळी मी आधी कुठेतरी पाहिली आहेत." एवढंच. ती घरी आली, टॅब्लेट कपाटात कपड्यांखाली सरकवला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. वीस दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मी चित्रं काढणं सोडलंय. मला समजवायला येऊ नकोस."

मी समजवायला गेले नाही. तिला खोलीचं दार लोटू दिलं, कडी मात्र लावू दिली नाही. राजेश, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा, "पोरगी थकली आहे, झोपू दे." मी दर तासाला काहीतरी कारण काढून आत डोकावायचे. जी मुलगी चार वर्षांची असल्यापासून भाकरीच्या पिठावरसुद्धा बोटाने नाक-डोळे काढायची, ती वीस दिवस हात उशीखाली घालून पडली, की आईला काय वाटतं ते लिहिण्याची गरज नाही. तारीख अकरा दिवसांवर आली तेव्हा मी तिला म्हटलं, "सव गावाच्या रस्त्याला एक म्हातारे पेंटर राहतात. त्यांनी एकट्याने वीसेक वर्षं महाडला घाबरवलं आहे. नुसती भेटून ये."

"आई, प्लीज."

"मग माझ्यासोबत चल. मला एकटीला भीती वाटते त्यांची."

हे खरंच होतं. ती पहिल्यांदा हसली आणि उठली.

काशीरामकाका आता शहात्तर वर्षांचे आहेत. अंगणात फणसाखाली खुर्ची टाकून बसले होते, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात अजूनही ब्रश. सून आम्रपालीने आतून चटई आणली. मी कुणाची कोण ते सांगितलं, स्नेहलचं काय ते सांगितलं. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "भुताची पोस्टरं? शिकवतात आता कॉलेजात?"

"शिकवत नाहीत, आजोबा. मीच घेतला विषय." मग ती एका दमात बोलली. किती दिवसांचं साठलं होतं. "पण सगळी सारखीच असतात. अर्धा चेहरा अंधारात. काचेवर हात. पाठमोरी बाई. एकटं घर. आता तर अक्षरंही सगळी तशीच, बारीक आणि लांब लांब. नवीन काय काढणार?"

"सारखीच पायजेत." काका शांतपणे म्हणाले. "एसटी वळणावर वळते, माणूस खिडकीतून बगतो, एक, दोन, संपला. तेवढ्यात त्याला कळला पायजे की हा भुताचा हाय, हा लग्नाचा हाय. ती ओळख हाय गो पोरी, ती मोडायची नाय. पण सारखा कशानं झाला ते तुला म्हाईत हाय का?"

स्नेहलने नकारार्थी मान हलवली.

"तोंड खालून उजळलेला का काढतात?"

"विचित्र दिसतं म्हणून. उजेड नेहमी वरून येतो ना, सूर्य, दिवा."

"मग तुझी आजी चुलीपुढं बसायची तेव्हा उजेड कुठून यायचा? खालूनच ना? तिला भ्यायचीस तू?" ते पुढे वाकले. "आपण पिढ्यान्‌पिढ्या आईचा तोंड खालून उजळलेला बगितलाय. पण तो तांबडा. मी तोच उजेड घ्यायचो आणि हिरवा करायचो. बस. आईचा तोंड, पण जाळ भलता. माणसाला कळत नाय काय चुकलाय ते. पण पोटात गोळा येतो."

चाळीस वर्षांपूर्वी पापण्यांच्या फटीतून मला जे दिसायचं ते हेच होतं, आणि त्याला नाव आज मिळत होतं.

मग त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. त्यांनी आयुष्यातलं पहिलं मोठं चित्र बौद्धवाडीतल्या विहारात काढलं होतं, बुद्धाचं. "त्याचे डोळे अर्धे मिटलेले. म्हणून त्याच्यासमोर कितीपण वेळ बसता येतं. आता याच्या उलटा कर. बुबुळाच्या चारी बाजूंना पांढरा दिसू दे. त्याच्यासमोर एक मिनिट बसून दाखव. आणि नजर बगणाऱ्याकडं नाय ठेवायची. त्याच्या खांद्याच्या मागं ठेवायची. म्हंजे माणूस मागं वळून बगतो."

स्नेहलने नकळत मागे पाहिलं. मागे फक्त आम्रपाली चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "सगळ्यांना हेच करतात ते. चहा घे."

स्नेहलने मोबाइलवर हल्लीची पोस्टर्स दाखवली. काका एकेक डोळ्याजवळ नेऊन बघत होते. एकावर सगळा काळोख आणि खाली कोपऱ्यात नखाएवढी मुलगी. ते खूश झाले. "हा शाणा हाय. एवढा काळा सोडायला छाती लागते. आमचा थेटरवाला सोडूच देत नव्हता. बोलायचा, काशीराम, इतकी जागा रिकामी? एक साप तरी टाक!"

"मग टाकायचात?"

"टाकायचो. सिनेमात साप नसायचा. लोक शेवटपर्यंत वाट बगायचे सापाची."

लाकडांवर टाकलेलं एक जाड, ताठ कापड त्यांनी दाखवलं. ते त्यांचं शेवटचं बॅनर. कापड एकच असायचं. एक सिनेमा उतरला की पांढरा हात मारायचा आणि वर पुढचा काढायचा. कडेचा पोपडा उडाला होता तिथे रंगांचे बारीक थर दिसत होते, हिरवा, पांढरा, काळा, पांढरा, लाल, पांढरा. स्नेहल त्यावरून बोट फिरवत बसली. किती भुतं होती त्या कापडात. ती एकावर एक झोपली होती आणि त्यांच्यावर आता पालापाचोळा पडला होता.

तेव्हा तिने विचारलं, "आणि एकटं घर असतं त्याचं काय? सगळे तेच काढतात. अंधारं घर आणि एका खिडकीत उजेड."

काकांनी कप खाली ठेवला. "मी नाय काढायचो."

"काय?"

"उजेड. एकदाच काढला."

ही गोष्ट त्यांनी सांगितली ती त्यांच्याच क्रमाने देते. तेव्हा ते तिशीचे होते. सिनेमाचे फोटो मुंबईहून एसटीच्या पार्सलने यायचे, त्यावरून चौकोन आखून ते चेहरे मोठे करायचे. एकदा पाकीट भिजून आलं. चेहरे वाचले, पण बंगल्याचा फोटो लगदा झालेला. बॅनर दुसऱ्या दिवशी हवं होतं. परक्या मुलखातला बंगला त्यांनी कुठून आणायचा? म्हणून डोळ्यांसमोर होतं तेच घर काढलं. पोलादपूरच्या रस्त्याला वळणावर आनंदीबाई सुईणीचं घर होतं. पुढे दोन आंबे, उतरतं कौल आणि रस्त्याकडच्या खिडकीत कंदील. तो कंदील रात्रभर असायचा, कारण बाळंतपणाचं बोलावणं केव्हाही यायचं; डोंगरातल्या वाड्यांमधून येणाऱ्याला लांबूनच कळावं की बाई घरी आहे. काकांनी घर काढलं, आंबे काढले, खिडकीत पिवळा उजेड काढला आणि उजेडात पांढरी बाई.

"लई भारी झाला होता," ते म्हणाले. "आजपण सांगतो. माझ्या हातून तसा परत नाय झाला."

ते बॅनर जीपला बांधून भोंग्यासकट पोलादपूरपर्यंत गावोगाव फिरलं. महाडातली माणसं हसली, "अरे, हे तर आनंदीबाईचं!" पण वरच्या वाड्यांमध्ये कुणी हसलं नाही. सिनेमा तीन आठवड्यांत उतरला. घर मात्र भुताचं झालं.

पावसाळा संपता संपता एका वाडीवरचा मालोजी नावाचा माणूस बायकोच्या कळा सुरू झाल्या म्हणून निघाला. वळणावर आला. खिडकीत उजेड दिसला. तिथे तो उभा राहिला, किती वेळ ते त्यालाही सांगता आलं नाही, आणि परत फिरला. बाई वाचली. मूल नाही वाचलं.

"माझ्यामुळं गेला असा कोण बोलला नाय," काका म्हणाले. "आनंदीबाय गेली असती तरी वाचला असता का, ते पण कोण सांगणार? पण मालोजी मला बाजारात भेटला. त्याला म्हाईत पण नव्हता बॅनर कोणी काढला ते. सांगत होता, खिडकी दिसली आणि पाय उचलला नाय."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवशी ते आनंदीबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. बाई सूप हातात घेऊन ऐकत होत्या. मूल गेल्याचं ऐकल्यावर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "काशीराम, माझ्या घराला भूत तू लावलंस, आता उतरव पण तूच." आणि उठता उठता, "बाई तरी जरा बऱ्या तोंडाची काढायचीस रे!"

भूत उतरवायचं कसं? त्यांनी ब्रश-डबे उचलले आणि बाईंच्या पडवीत कामाला बसले. बॅनर तोवर थिएटरच्या मागच्या शेडमध्ये व्हायची, आता ती आनंदीबाईंच्या खिडकीखाली होऊ लागली. जाणारा-येणारा थांबायचा, रंगवणं बघायचा, बाईंच्या हातचं पाणी प्यायचा. त्या काळी त्यांच्यासारख्या बौद्धवाडीतल्या माणसाने बाईंच्या पडवीत बसणं हेही काहींना खुपलं. बाईंनी पहिल्याच दिवशी काकांना घरातला कप दिला आणि तो पडवीत सगळ्यांसमोर दिला. संध्याकाळ झाली की ते वळणावर जाऊन बसायचे. डोंगराकडून कुणी बिचकत येताना दिसला की त्याच्यासोबत दारापर्यंत चालत जायचे. हे त्यांनी दोन वर्षं केलं. पुढे लोक एकटे येऊ लागले, तेव्हा थांबले. त्यानंतर एकाही बॅनरवरच्या घरात त्यांनी उजेड ठेवला नाही. थिएटरवाला ओरडायचा. त्याला ते सांगायचे, "साप टाकतो हवा तर."

आनंदीबाई वारल्या त्याला खूप वर्षं झाली. घर रस्ता रुंद करताना गेलं.

परत येताना स्नेहल रिक्षात बाहेर तोंड करून बसली. मला धास्ती वाटली, नको ते ऐकवलं का पोरीला? घरी आल्यावर ती खोलीत गेली आणि दार लागलं. मी बाहेर उभी. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वयंपाकघराची खिडकी पुठ्ठ्याने झाकली, दिवा घालवला आणि मला गॅसपुढे बसवलं. शेगडी खाली जमिनीवर, मी पाटावर. निळा जाळ खालून तोंडावर. "आई, माझ्या खांद्याच्या मागे बघ. आणि काळजीत असल्यासारखं तोंड कर."

"ते करायला लागत नाही," मी म्हटलं.

"माहितेय. म्हणूनच तुला बसवलंय."

तासभर ती काढत होती. माझी पाठ भरून आली, पण मी हलले नाही. हलले तर तिचा हात थांबेल अशी भीती होती.

चार दिवसांनी आम्ही छापलेलं पोस्टर घेऊन परत काशीरामकाकांकडे गेलो. मोठं होतं, माणसाएवढं. चारांतले वरचे तीन भाग नुसता काळोख. त्यात खाली एक वळण, दोन आंबे, एक घर. घराच्या एकाच खिडकीत उजेड, तांबडा, चुलीचा. त्या उजेडात एक बाई, तोंड खालून उजळलेलं, आणि तिची नजर तुमच्या खांद्याच्या मागे. जे काही आहे ते तुमच्या मागे आहे, ती ते बघते आहे आणि तिने दार उघडं ठेवलं आहे. निळा जाळ पुसून तिने माझ्या तोंडावर आजीच्या चुलीचा रंग चढवला होता, हे मला तिथेच कळलं.

काकांनी पोस्टर पडवीच्या खांबाला टेकवलं. मग चष्मा काढला आणि उलट्या पावलांनी मागे मागे जाऊ लागले. फणस ओलांडला, अंगण ओलांडलं, रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिले. बॅनर तपासायची त्यांची हीच पद्धत आहे. लांबून, चष्म्याशिवाय, एसटीतून दिसेल तसं. मध्ये दोन गाड्या गेल्या. ते हलले नाहीत. स्नेहल माझा दंड दाबून उभी होती.

शेवटी ते रस्ता ओलांडून आले.

"भीती वाटते का, आजोबा?"

"वाटते." ते म्हणाले. "बाहेर वाटते. खिडकीत नाय." आणि चष्मा चढवून जवळून बघत, "हिच्याकडं गेला असता तो." कोण, ते आम्ही विचारलं नाही.

मग माझ्याकडे बघून हसले आणि तिला म्हणाले, "बाईपण बऱ्या तोंडाची काढल्येस हो."

आम्ही निघालो तेव्हा स्नेहल पोस्टर गुंडाळायला गेली. काकांनी तिचा हात धरला. "उरलेली नऊ तुझी तू कर. ही बाई हितंच राहू दे." त्यांनी ते पोस्टर पडवीच्या कडेला आणलं, रस्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि वाऱ्याने पडू नये म्हणून खाली दोन दगड लावले.