गंगेवर म्हटलेलं पद

हे आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. लोक मला कवी म्हणतात, आणि मी ते ऐकून घेतो — तुम्हीही तसंच समजत असाल, तर आधी हे ऐका.

मी हिंदीचा शिक्षक. रेवसच्या अलीकडे आमची नारळाची वाडी, तिला लागूनच कोळीवाडा. तिथली हिराबाई तीस वर्षं लाँचनं भाऊच्या धक्क्यावर जाऊन मासळीचा धंदा करायची. धक्क्यावरच्या उत्तर भारतीय हमालांची भजनं ऐकून ऐकून तिला हिंदी आली. शाळेची पायरी न चढलेली ही बाई हिंदीत पदं रचायची. विश्वास बसतो? माझा बसला नव्हता.

धंदा सुनेकडे सोपवल्यावर ती दुपारची आमच्या पडवीत यायची, सुपारी कातरत पदं म्हणायची. मी वहीत उतरवून घ्यायचो. व्याकरण चुकायचं, ते दुरुस्त करायचो. आणि तरीही — कसं सांगू? — मी आयुष्यभर जे जुळवत बसलो त्यात नव्हतं ते तिच्या एका ओळीत असायचं. एक पद गंगेसाठी होतं. गंगा तिनं तोवर पाहिलीही नव्हती.

'मैया, हाथ से मेरे मछली की बास न जाए,
तू ही बता, अंजुली कैसे भरूँ?'

मग आमच्या गावातून पंचवीस जण काशीला गेलो. हिराबाईही होती. एका घाटावर सकाळी भक्तिकाव्याची सभा भरली होती. महाराष्ट्रातून आलेला हिंदीचा शिक्षक म्हणून मलाही बोलावलं. माझी कविता खिशात होती. ती खिशातच राहिली. मी हिराबाईचं पद म्हटलं.

एकच शब्द बदलला. 'मछली'च्या जागी 'माया'. का? पंडितांपुढे मासळीचा वास कसा चालेल म्हणून? की चोरी ओळखू येऊ नये म्हणून? — दोन्ही. खूप टाळ्या पडल्या. रचना आपलीच का, असं सूत्रसंचालकानं विचारलं. मी हात जोडले, मान लववली.

हिराबाई मागच्या पायरीवर बसली होती. तिचा चेहरा फुलला होता. तिला वाटलं, मास्तरांनी आपलं पद गंगेला ऐकवलं.

घरी परतल्यावर ती कोळीवाडाभर तेच सांगत सुटली. इकडे एका वर्तमानपत्रात पद छापून आलं, वर माझा फोटो, खाली माझं नाव. देवळात चार माणसांनी तिच्यासमोरच मला विचारलं, "मास्तर, ही म्हणतंय पद हिचा हाय. व्हय का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी हसलो. म्हणालो, "वय झालं की ऐकलेलं आपलंच वाटायला लागतं." सगळे हसले. ती पदर सावरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. भांडेल म्हणून मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. ती पडवीत चढलीच नाही. खाली अंगणात उभी राहून म्हणाली, "मास्तर, चुकी झाली माजी. घरी परत परत म्हणून बघितला. माज्यात मासली व्हती. तुमच्यात माया हाय. तुमचा येगला हाय."

तिला खरंच तसं वाटलं होतं, की माझी अब्रू राखायला ती तसं म्हणाली? मला आजही कळलेलं नाही. तेव्हा मी विचारलं नाही. "असू दे, हिराबाई," एवढंच म्हणालो. म्हणजे — मी तिला माफ केलं.

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. रोज आमच्या कुंपणाजवळून जायची. मी पडवीतच बसलेला असायचो.