भिंतीलगतचा निळा ठिपका

माझ्या हातच्या विहिरी अजून उभ्या आहेत, हे आधी लिहून ठेवतो. कर्जतहून खालापूरकडे निघालं की आमच्या भागात ज्या जुन्या दगडी विहिरी दिसतात, त्यांतल्या निम्म्या मी बांधल्या. चौथीत शाळा सोडली ती बापाच्या हाताखाली दगड घडवायला. विहीर पुरी झाली की नारळ फोडायचा आणि बांधणाऱ्याने मालकाला शब्द द्यायचा, पाणी हटणार नाही. आमच्या धंद्याची ही रीत होती. असा शब्द मी किती घरांना दिलाय. आणि ज्याच्या स्वतःच्याच विहिरीचं पाणी हटलं, त्याचे बाकीचे शब्द कुणी धरायचे?

माझी विहीर गावाबाहेर शेतात आहे. शेजाऱ्याने जमीन विकली, तिथे बंगले झाले, त्यांची भिंत माझ्या विहिरीपासून दहा पावलांवर आली. भिंतीआड एकामागून एक बोअर मारले. पोहायला तलाव केला. शनिवार-रविवार तिथे गाणी वाजतात आणि माणसं पाण्यात बसून जेवतात. तिसऱ्या उन्हाळ्यात होळी झाली आणि माझ्या विहिरीचा तळ दिसला. मी घरात सांगितलं नाही. वर जाळी टाकली, जाळीवर पत्रा, पत्र्याला कुलूप. पोरंटोरं पडतील म्हणून केलं, असं सांगितलं. घरी नळ आलाय, शेतावर कोण फिरकतंय?

नात तेव्हा नववीत होती. शाळेत गणिताला एक तरुण मास्तर आले होते. संख्याशास्त्र ते फळ्यावर शिकवायचे नाहीत, कॉम्प्युटरच्या खोलीत शिकवायचे, आणि आकडे पुस्तकातले घ्यायचे नाहीत. आपल्या गावचे आकडे आपण आणायचे, हा त्यांचा हट्ट. मला तो माणूस पहिल्यापासून आवडला नाही. पोरांना घरोघर जाऊन मोठ्यांना प्रश्न विचारायला लावतो, हे काय शिकवणं?

नात घरी येऊन मला शिकवायची. "आबा, तुमी दोन भाकरी खाल्ल्या आनि मी एकबी नाय खाल्ली, तर सरासरी किती?"

"एक."

"बघा. सरासरीत जेवले, पन मी उपाशीच. म्हनून सर सांगतात, नुसत्या सरासरीवर जायचं नाय. एकेक आकडा बघायचा."

"तुझ्या सरांना सांग, आमच्या घरात कुणी उपाशी निजत नाय."

ती हसली. तेव्हा हसायची.

एप्रिलात परीक्षा संपली तसे मास्तरांनी पोरांना विहिरी मोजायला सोडलं. दोरीला दगड बांधलेला, दर फुटाला गाठ. गावातली एकेक विहीर मोजून वहीत लिहायची. माझ्या शेतावर नात आणि तिची मैत्रीण आल्या. मी आधीच जाऊन बसलो होतो.

"आबा, कुलूप काढा ना."

"ही विहीर मी बांधलीय. माझ्यासमोर दोरी सोडता? लिहा, सात फूट पानी."

"सर म्हनतात स्वतः मोजायचं."

"सर कधी विहिरीत उतरलेत काय? लिही गं, सात."

मैत्रिणीने लिहिलं. नात पत्र्याकडे बघत राहिली.

मग एके दिवशी मास्तरांनी पालकांना शाळेत बोलावलं. मीही गेलो, कोपऱ्यात बाकावर बसलो. नातीने पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी दाखवल्या. हे काय लिहिलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "हा कॉम्प्युटरला हुकूम, आबा. पानी एका फुटाहून कमी असंल तर ठिपका लाल कर, नायतर निळा." तिने एक बटण दाबलं आणि आमचं गाव पडद्यावर आलं, घारीला वरून दिसेल तसं. नदीकडे निळे ठिपके होते. बंगल्यांकडे सरकावं तसे लाल होत गेले आणि भिंतीपाशी लालच लाल. होळीपासून जे माझ्या पोटात होतं, ते या पोरीने अक्षर न बोलता भिंतीवर टांगलं होतं. त्या लालाच्या मधोमध एक निळा ठिपका होता.

मास्तर म्हणाले, "बाकीच्यांपेक्षा वेगळा पडलेला आकडा खोडायचा नसतो. परत जाऊन तपासायचा असतो. आजोबा, एकदा कुलूप काढाल का?"

सगळ्या लोकांसमोर विचारलं. मी उठलो आणि म्हणालो, "माझा शब्द तपासायला तुमी अजून जल्मला नाय." आणि चालू लागलो. रस्ताभर मला वाटत होतं, मी जिंकलो.

नातीने रात्री जेवताना एवढंच विचारलं, "मग निळाच ठेवू?"

"मी एकदा सांगितलंय."

एक मेच्या ग्रामसभेत तिने तो नकाशा मांडला. उन्हाळ्यात बंगल्यांच्या बोअरना बंदी घालावी असा ठराव बायकांनी आणला होता आणि त्यांच्या हातात पुरावा म्हणून हाच एक नकाशा होता. पोर न अडखळता बोलली. मास्तर मागे उभे होते. मग बंगल्यांचा मॅनेजर उठला. फार गोड माणूस. मुलीचं कौतुक केलं, पडद्यापाशी गेला आणि निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही विहीर आमच्या भिंतीला लागून आहे. आमच्या बोअरने पाणी ओढलं असतं तर आधी हीच आटली असती ना? हिच्यात सात फूट पाणी आहे. कुणाची आहे ही?"

सगळे माझ्याकडे वळले. सरपंच म्हणाला, "बाबा, खरं हाय का?"

नातही बघत होती. मला वाटतं ती तेव्हाही माझ्यासाठी थांबली होती. एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं.

मी म्हणालो, "माझ्या हातची विहीर हाय. पानी हटनार नाय."

ठराव पडला. चार बायका माझ्यासमोरून हंडे न घेताच गेल्या, पण मला त्यांच्या डोक्यावर रिकामे हंडे दिसले.

आठ दिवस नात माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मी कुलपाची किल्ली तिच्यासमोर ठेवली. दोघं शेतावर गेलो. पत्रा तिने ओढला. दोरी सोडली, दगड खाली आपटला तो आवाज मी धंद्यात हजारदा ऐकलाय. दोरी वर ओढली ती कोरडी. तिने वही काढून शून्य लिहिलं आणि पुढे रकान्यात, कोणी मोजलं तिथे, स्वतःचं नाव घातलं.

सात फूट त्या बंगल्यांनी नेले, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. माझ्या बांधणीत खोट नव्हती. हेच सभेत सांगता आलं असतं. पण आटली म्हणायला जीभ वळली नाही आणि चोराला साक्षीदार मीच मिळालो.

शाळेतल्या पडद्यावर आता तो ठिपका लाल आहे, मास्तरांनी स्वतः येऊन सांगितलं. मी त्यांना चहा दिला, माफी मागितली नाही. पुढची सभा पंधरा ऑगस्टला, तिथे पुन्हा मांडू, असं म्हणून ते गेले.

पंधरा ऑगस्टला आमच्याकडे सगळ्या विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात. माझीसुद्धा.