दत्तोबाच्या अंगणातलं शेवाळ

पणदऱ्यात आमच्या आळीत अंगणात शहाबादी फरशी घालणारा पहिला माणूस म्हणजे माझा शेजारी दत्तोबा. छप्पन साली बारामती स्टेशनातून त्याने बैलगाडीतून फरश्या आणल्या, तेव्हा गाडीपुढे असा चालत होता की जणू त्याचीच वरात निघालीय. मी कुंपणाआडून बघत होतो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

दत्तोबा गुळव्या. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना त्यातली मळी काढायची, गूळ नेमका कधी उतरवायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. आसपासच्या दहा गावांत त्याच्या हातच्या गुळाला नाव होतं आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. कुणाला ताप आला तरी म्हणायचा, "मळी वर आलीया. काढली की झालं."

त्याच्या आईला, बनाबाईला, फरशी मुळीच पसंत नव्हती. चाळीस वर्षं तिने ते अंगण शेणाने सारवलेलं. ती म्हणाली, "दगुड पायाशी बोलत न्हाय रं." आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो.

पाऊस आमच्याकडे बेताचाच. पण दत्तोबाच्या न्हाणीचं पाणी फरशीवरून वाहायचं आणि वर माझ्या चिंचेची गार सावली. श्रावणापर्यंत सगळं अंगण हिरवंगार झालं. एका सकाळी बनाबाई तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायला निघाली आणि दुसऱ्याच पावलाला घसरली. कोपर तेवढं खरचटलं. पण त्या दिवसापासून तिने उंबरा ओलांडला नाही. तुळशीला पाणी सून रतन घालू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून "आज कोरड्यास काय?" अशी भाजी-कालवणाची चौकशी करणारी म्हातारी दाराच्या आत गप्प बसून राहू लागली. गावात बोलणं उठलं, की लेकानं फरशी घातली आन् आईला पाडली. दत्तोबाला घास गोड लागेना.

"महिपती, रसातली घाण काढतुया मी," तो मला म्हणाला, "ह्ये शेवाळ काय घिऊन बसलाय?"

गुळवे रसात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकतात. त्याने मळी वर येते, मग ती झाऱ्याने काढून टाकायची. दत्तोबाने भेंडीची झाडं ठेचून दोन घागरी पाणी केलं आणि अंगणभर ओतलं. काहिलीखाली चुलाण असतं, अंगणाखाली नसतं, एवढं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. मळी वर आली का ते बघायला म्हणून तो उंबऱ्यातून उतरला, तो थेट माझ्या कुंपणापर्यंत बसूनच आला. रतनने तोंडात पदर कोंबला. मी मात्र अजिबात हसलो नाही. घरी जाऊन हसलो.

मग मीच त्याला म्हणालो, "पाणी आन् सावली हाय तवर ह्ये जात नसतंय." त्याने चर खणून न्हाणीचं पाणी केळीला वळवलं आणि माझ्या चिंचेकडे बघत उभा राहिला. झक मारत दोन फांद्या तोडल्या मी. त्या वर्षीची निम्मी चिंच गेली आणि हे मी त्याला पुढे दोन वर्षं ऐकवलं. अंगणात ऊन पडलं. गुळव्याच्या घरी रसात टाकायचा चुना असतोच. तो कालवून फरशीवर थापला, दिवसभर वाळू दिला आणि नारळाच्या शेंडीने घासायला बसला. चार दिवस घासत होता. फरशी स्टेशनातून आणली तशी निघाली.

"आई, ये. हिरवं नावाला न्हाय," त्याने हाक मारली.

"उद्या," बनाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही उद्या, तिसऱ्या दिवशीही उद्या. शेवटी दत्तोबाचा पारा चढला. "आता काय सोन्याची घालू का?"

म्हातारी हळूच म्हणाली, "दत्तू, मला शेवाळ दिसत न्हाय, आन् तुळसबी दिसत न्हाय. दोन वरसं झाली. मातीवर पाय सांगायचा, ह्यो खळगा, ह्यो उंचवटा, आता तुळस आली. फरशीवर समदं सारखंच लागतंया."

दोन वर्षं! लेकाला कळलं नाही, सुनेला कळलं नाही, आणि आळीत कुणाच्या चुलीवर काय शिजतं हे सांगणाऱ्या मलाही कळलं नाही. मला माझीच लाज वाटली.

दत्तोबा उठला. जात्याला टाकी लावतात ती छिन्नी घेऊन आला आणि उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत दोन पावलं मावतील एवढा पट्टा ठोकून खडबडीत करायला लागला. ज्या फरशीवर कुणाला चिखलाचा पाय ठेवू देत नव्हता, तिच्यावर स्वतःच्या हाताने घाव घालत होता. तुळशीजवळ त्याने आडव्या खोल रेघा पाडल्या.

"खडबडीत दगडात शेवाळ जास्ती धरंल," मी म्हणालो.

"धरू दे. रोज घासीन."

आणि खरंच घासायचा. आठवडाभराने बनाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. रतनने पुढे केलेला हात तिने बाजूला सारला. पायाने चाचपत तुळशीपर्यंत गेली, पाणी घातलं, वळली. अर्ध्या वाटेत थांबून तिने अंगठा एका जागी घासून बघितला.

"दत्तू, हितं राहिलंय रं."

मी वाकलो, दत्तोबा वाकला. छिन्नीच्या एका खाचेत नखाएवढं हिरवं होतं. आम्हा दोघांच्या चार चांगल्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं.

दहा गावांत ज्याला 'मळी राहिली' म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती, तो माणूस नारळाची शेंडी घेऊन आईच्या पायाशी बसला. हसत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"नीट घास," बनाबाई वरून म्हणाली. "आन् महिपतीला इचार, आज कोरड्यास काय केलंय."