सात वर्षांपर्यंत अक्षर नको

आमच्या बालवर्गात अक्षरं नव्हती. तक्ता नाही, पाटी नाही, पुस्तक नाही. वॉल्डॉर्फ पद्धतीत सात वर्षांपर्यंत मुलाला अक्षर शिकवत नाहीत. त्यानं मातीत खेळावं, गाणी म्हणावीत, ऋतू बघावा. रोह्याजवळ, अष्टमी गावाच्या पलीकडे एका आमराईत हा वर्ग भरायचा. मी पेणहून एसटीनं तिथं शिकवायला जायचे. मुलं बहुतेक धाटावच्या कंपन्यांतल्या साहेबांची. दप्तराच्या खुंटीवर नावाऐवजी प्रत्येकाचं एक चित्र असे. कुणाचा मासा, कुणाचं पान.

मी वाढले ती मोर्च्यांच्या पत्रकांत. त्यामुळे मला एखादी गोष्ट पटली की ती दुसऱ्याला पटवल्याशिवाय राहवत नाही.

वर्ग झाडायला जवळच्या कातकरी वाडीतली एक बाई यायची. तिची साडेपाच वर्षांची मुलगी गावच्या अंगणवाडीत जात होती. मी बाईच्या मागे लागले. साहेबांच्या मुलांना मिळतं ते तुझ्या मुलीला का नको, तो तिचा हक्क आहे, असं तिला अर्धा तास ऐकवलं. वर्ग चालवणाऱ्या मुख्य ताईंशी भांडून मुलीला आमच्याकडे घ्यायला लावलं.

बाईनं एकच विचारलं, "अक्षर शिकवाल ना? जूनला हिला पैलीत घालायचीय."

"सगळं शिकेल," मी म्हटलं.

फेब्रुवारीत पळस फुलला आणि आम्ही रोज मुलांना टेकडीवर न्यायला लागलो, वसंत दाखवायला. काटेसावरीची फुलं वेचायची, मोहोराचा वास घ्यायचा. ही मुलगी सगळ्यांच्या पुढे. लावे कुठल्या झुडपात बसतात, कुठला डिंक गोड, कुठल्या पाल्यानं अंगाला खाज सुटते, सगळं तीच सांगायची. तिची आई झाडता झाडता मला म्हणाली, "काय गो बाय, माझ्या पोरीला रान दाखवतेस? मंग तुझा पगार तिलाच दे."

मी खूप हसले. विनोद म्हणून घरीही सांगितला.

मार्चमध्ये टेकडीच्या पायथ्याशी वनखात्यानं नवी पाटी लावली. आमच्यातल्या एका मुलानं ती मोठ्यानं वाचली, "वणवा लावू नका." मागून आणखी दोघांनी वाचली. मी थांबले.

"कुणी शिकवलं रे?"

"संध्याकाळी घरी मिस येते," तो म्हणाला. "पण शाळेत सांगायचं नाही असं आई म्हणाली."

पाचसहा घरांतून हेच चाललं होतं. वाडीतली ती मुलगी पाटीकडे बघत होती. "त्यावर काय हाय?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"आमी नाय लावत," ती म्हणाली.

मुख्य ताईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पालकांना धीर नसतो. आपण आपलं सोडायचं नाही." आणि एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी, मला ते पटलं. साहेबांची मुलं बिघडलीत, ही एकटी तेवढी निर्मळ राहिली, असं मला वाटलं. मला तिचा अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला होता.

एप्रिलच्या सुरुवातीला गावच्या शाळेत पहिलीत येणाऱ्या मुलांना बोलावलं होतं. मायलेकींबरोबर मीही गेले. गुरुजींनी तिच्या हातात खडू दिला. "नाव लिही बघू."

तिनं फरशीवर पळसाचं फूल काढलं. आमच्याकडच्या खुंटीवर तिचं तेच चित्र होतं. देठ, पाकळ्यांचा बाक, सगळं नीट. मग ती उठून हात झटकत गुरुजींकडे बघत राहिली, बरोबर आलं ना म्हणून. बाजूची मुलं हसायला लागली.

गुरुजी वाईट माणूस नव्हते. "अजून वर्षभर अंगणवाडीत बसू दे," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी बघू."

मी शिक्षणहक्काचा कायदा काढला. तुम्हाला प्रवेश नाकारता येत नाही म्हटलं.

"नाकारतंय कोण, मॅडम? बसवा की. मागं पडली तर मला बोलायचं नाही."

बाई मध्येच म्हणाली, "मला पण पुढल्या वर्षी बघू सांगितलेलं." एवढंच. ती कधीच शाळेत गेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मुलीचा हात धरून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी मी नवी पाटी-पेन्सिल घेऊन वाडीवर गेले. जूनला दोन महिने आहेत, रोज येऊन शिकवते म्हटलं.

"नको गो," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू बोलतेस चांगलं. तुझं ऐकूनच तिला अंगणवाडीतनं काढली. आता परत ऐकलं तर मीच खुळी."

"माझं चुकलं."

"व्हय. पण वर्ष तिचं गेलं ना."

तिनं आमच्याकडचं झाडणं सोडलं. मीही मे महिन्यात नोकरी सोडली. मुख्य ताईंना चार पानांचं पत्र लिहिलं, चांगलं लिहिलं. त्या पत्रानं कुणाचंही काही झालं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. ती आली नाही. अंगणवाडीत विचारलं, तर तिथल्या ताई म्हणाल्या, "चार दिवस आली. पोरं फूल काढ, फूल काढ करून चिडवायची. आता आईबरोबर नदीवर मासे धरायला जाते."

मी नदीवर गेले नाही. गेले असते तर पुन्हा बोललेच असते.