बिनगुळाचा लाडू

यंदा संक्रांतीच्या तोंडावर आमच्या ह्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला. जखम एवढीशी, नव्या चपलेने केलेली, पण दोन महिने भरेना. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत रक्तातली साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल. संक्रांत आली बुधवारी. आता रथसप्तमीपर्यंत येईल तो ह्यांच्या हातावर तिळगूळ ठेवणार, आणि हातावर ठेवलेला तिळगूळ नको म्हणणं ह्या माणसाला जन्मात जमलेलं नाही. तेव्हा ठरवलं, घरातच साखरेवाचून लाडू करायचा, म्हणजे बाहेरच्याची आशा धरणार नाहीत.

ह्या कामाचा मला जुना अनुभव. सासूबाईंना मधुमेह झाला तेव्हा मी तिशीची, अक्कल वेणीत माळून फिरायची. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली. मी साखरेचा डबा रिकामा केला आणि चहापासून शिऱ्यापर्यंत सगळं गुळात करू लागले. चिक्कीच्या गुळाचे दोन लाडू रोज स्वतःच्या हाताने भरवायची. भाट्याला माहेरी गेले की सासूचं पथ्य कसं चोख सांभाळते ते सांगायची. आळीतल्या बायका माझ्याकडून कृती लिहून न्यायच्या. पुढे सासूबाईंना दिसेनासं झालं, तेव्हाही ती तिशीतली शहाणी, म्हणजे मीच, म्हणत होती, एवढं पथ्य करून बघा नशीब.

आज भेटली तर कान पिळीन तिचा. पण कोणत्या तोंडाने? यंदा मी खजूर घातला. साखर नाही, गूळ नाही, म्हटलं झालं. गुरुवारी ह्यांनी चार लाडू खाल्ले. शुक्रवारी सकाळी बोटाला सुई टोचली, तर यंत्रातला आकडा आदल्या दिवसापेक्षा वर. यंत्र झटकलं, सेल बदलले, पुन्हा टोचलं. आकडा हलेना. मग न्हाणीत नळ सोडून रडून घेतलं.

शनिवारी खजूरही काढला. आता लाडू वळेना. मुठीत दाबला की बोटांतून तीळ गळायचे. दोनदा, तीनदा, चारदा. पाचव्यांदा भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं खलबत्त्यात घातलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि रागाने कुटत सुटले. कुणाला कुटत होते ते सांगत नाही, पण ती तिशीची होती. हात भरून आले तेव्हा पाहिलं, तिळाला तेल सुटलं होतं. मूठ दाबली. लाडू वळला.

ह्यांनी तो बराच वेळ चघळला.

"अगो, ह्यात गोड काय आहे?"

"काही नाही. मला तुमचा अंगठा हवाय."

ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. आत गुळाचे तीन लाडू, समोरच्या घरून आलेले, एकाची कड कुरतडलेली.

"हे तू खा," म्हणाले, आणि कडवट लाडू आणखी एक मागितला.

मला मधुमेह नाही, तरी ते तीन घशाखाली उतरेनात.

सोमवारी आकडा थोडा उतरला होता. डॉक्टरांनी पट्टी सोडली, अंगठा दाबून पाहिला, आणि आठ दिवस थांबून बघू म्हणाले. घरी आल्यावर पदर खोचून मी पुन्हा तीळ भाजायला घेतले.