तर्कशास्त्राच्या ओळीवरचा हात

चहा-वडे आले की वादाचे विषय पटापट मंजूर होतात, हा आमच्या कला महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळाचा जुना रिवाज. काल मी निवृत्त सदस्य म्हणून बैठकीला गेले होते. वडे आले, तसे सगळे हात बशांकडे वळले. नव्या प्राध्यापिकेचा, मेधाचा, हात मात्र नव्या अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर तसाच राहिला, तर्कशास्त्राच्या ओळीवर. विद्यार्थी येत नाहीत म्हणून तो विषय काल वगळायचा होता.

"मॅडम, घ्या ना, गार होतील," विभागप्रमुख म्हणाले.

"होऊ देत, सर. आधी यावर बोलू."

तिच्या वयात मी अशी तावातावाने उठायचे, की पदर खुर्चीत अडकायचा आणि मुद्दा घशात. ही नुसती हात ठेवून बसली होती. मनात आलं, अभ्यासक्रम ठरवणं म्हणजे पुढे आपल्याशी कोण, कसं बोलणार हे ठरवणं. मला माना डोलावणारी नातवंडं नकोत, "आजी, हे कशावरून?" असं विचारून भंडावणारी हवीत.

मी बशी दूर सारली. "अहो सर, मला दात उरले नाहीत, पण वेळ भरपूर आहे. बोल गं, मेधा."

सरांनी अर्धा वडा खाली ठेवला.